पुष्पाकाकूंचा पास

रामकृष्ण भोयर यांना कानानं कमी ऐकू यायचं, आणि जे ऐकू यायचं त्यातलं निम्मं त्यांना पटायचं नाही. जबलपुरातल्या आमच्या महाराजपूरच्या कॉलनीत मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे हा माणूस माझ्या वाट्याला काका म्हणून आला. मी निवडलेला नव्हे. त्यांचे वडील काटोलहून जबलपूरला येऊन संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत लागले, पुढे तेही तिथंच लागले. तरुणपण हॅमर शॉपमध्ये गेलं. लाल तापलेल्या लोखंडावर घण पडतात, तिथं वर्षानुवर्षं उभं राहिल्यावर कान कसे टिकणार? कान गेले तेव्हा साहेबांनी त्यांना गेटवर, पास सेक्शनला बसवलं. तिथं मात्र काका फुलले.

गेटचा त्यांचा एक नियम होता. तो मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही म्हणून दाखवीन. ज्याच्याकडे पास नाही त्याच्याशी बोलायचंच नाही. 'नाही' असंसुद्धा म्हणायचं नाही, नुसतं समोर बघत राहायचं.

"नाही म्हटलं का तो विचारते, काहून नाही? मंग तुम्ही सांगता. मंग तो म्हणते, भैया, दोनच मिनिट. फसले तुम्ही! चूप राहिलं का माणूस आपोआप जाते."

घरीही त्यांचं हेच तंत्र. भोयरांचा अबोला अख्ख्या कॉलनीला ठाऊक होता, आणि पुष्पाकाकूही त्यात काही कमी नव्हत्या. विपुल, त्यांचा मुलगा, लहान असताना त्याचा अर्धा जन्म 'तुझ्या बाबाला सांग' आणि 'तुझ्या आईला विचार' यातच गेला. पण त्या अबोल्यातून बाहेर पडायची एक रीत त्यांनी ठेवली होती. काकूंना माघार घ्यायची असली की काकांच्या चहात आलं पडायचं. एरवी काकूंना आल्याचा वाससुद्धा सोसायचा नाही. काकांना माघार घ्यायची असली की ते खोव्याची जलेबी आणायचे आणि ओट्यावर ठेवून पेपर वाचत बसायचे. माफी कुणी मागायची नाही. आल्याचा चहा पिऊन टाकायचा, जलेबी खाऊन टाकायची, विषय संपला. मला त्यांचं हे फार आवडायचं. माझ्या घरी भांडणं तोंडानं मिटवावी लागतात, आणि मिटवताना नवी निघतात.

काकूंचा आवाज हा आमच्या गल्लीचा आवाज होता. भाजीवाला कोपऱ्यावर असतानाच त्या घरातून भाव पाडायला सुरुवात करत. तो आवाज आधी जड झाला, मग जीभ अडखळायला लागली. डॉक्टरांनी मोटर न्यूरॉनचा आजार आहे म्हणून सांगितलं. शरीर एकेक भाग करून ऐकेनासं होतं, डोकं मात्र लख्ख राहतं. वाचा गेली, मग पाय गेले, मग डावा हात. उजव्या हाताची बोटं तेवढी उरली. काकूंसारख्या बाईची वाचा जावी आणि बोलायचं सगळं आत तसंच राहावं, याहून वाईट शिक्षा मला तरी सुचत नाही. मला तेव्हा देवाचा राग आला होता. अजूनही आहे.

काकू मागच्या खोलीत पडून, काका पुढच्या खोलीत. घंटी दिली तर ती काकांना ऐकू येईना. तेव्हा विपुल हैदराबादहून आला. तो तिथं सॉफ्टवेअरमध्ये आहे. पुढच्या खोलीतल्या जुन्या कम्प्युटरवरचं रखडलेलं विंडोज काढून त्यानं लिनक्स टाकलं, मोठे स्पीकर जोडले आणि काकूंच्या टॅबसाठी स्वतः एक ॲप बनवलं. काकूंनी टॅबवर लिहायचं, हिरवं बटण दाबायचं. शब्द घरातल्या वायफायवरून कम्प्युटरकडे जायचे आणि कम्प्युटर ते मोठ्यानं वाचून दाखवायचा. इकडे टॅबची पाटी लगेच कोरी, पुढचं लिहायला मोकळी. आवाज पुरुषाचा होता, नाकातून बोलणाऱ्या पुरुषाचा. काकूंनी पहिलंच वाक्य लिहिलं, "हा कोण मेला माझ्या घरात घुसला?" आणि ते त्यानं इतक्या गंभीरपणे वाचलं की आम्ही हसून हसून रडलो.

पण ते स्पीकर काकांच्या कानांच्या हिशोबानं लावलेले. काकूंना पाणी हवंय हे सगळ्या गल्लीला कळायचं, आणि बेडपॅन हवंय हेही. एकदा समोरच्या ओसरीवर कुणीतरी खुदकन हसलं. त्या दिवशी काकूंनी पुढं काहीच मागितलं नाही, गादी ओली झाली तरी. दुसऱ्या दिवशी काका सिव्हिल लाइन्सच्या बाजारात जाऊन बिनवायरचे मोठे हेडफोन घेऊन आले. तेव्हापासून ते उठल्यापासून झोपेपर्यंत कानांवर. ते चढवूनच काका दूध घ्यायला फाटकाशी उभे राहत आणि लोकांना वाटे, म्हाताऱ्याला गाण्याचा नाद लागलाय. त्या नाकातल्या आवाजात त्यांची बायको त्यांच्या एकट्याच्या कानात बोलत होती. मला वाटतं, इतकी जवळ ती दोघं आधी कधीच नव्हती.

अशात कॉलनीतल्या मुरलीधर साहूंच्या कम्प्युटरमध्ये कुणीतरी शिरलं. त्यांच्या डोळ्यांदेखत माउस आपोआप फिरायला लागला. ही बातमी ऐकून काकांमधला गेटवाला जागा झाला. त्यांनी शोधून शोधून लिनक्समधली फायरवॉलची खिडकी उघडली आणि मला हाक मारली. मी पॉलिटेक्निकमध्ये कम्प्युटर लॅब सांभाळते, म्हणून या घरात माझं तेवढं कौतुक.

बाहेरून कुणी कम्प्युटरशी बोलायला आलं तर काय करायचं, हे त्या खिडकीत ठरवता येतं. येऊ द्यायचं, 'रिजेक्ट' करायचं किंवा 'डिनाय' करायचं. रिजेक्ट केलं तर फायरवॉल येणाऱ्याला निदान सांगते की तुला आत येता येणार नाही. डिनाय केलं तर काहीच सांगत नाही. येणारा ठोठावत राहतो, आतून हूं की चूं नाही.

"पाह्य माधवी, हे तं आपलंच गेट आहे!" काकांनी डिनायवर बोट ठेवलं. "या लिनक्सवाल्यायले समजते बरोबर."

विपुलनं घरातल्या सगळ्या यंत्रांना मोकळीक देऊन ठेवली होती. काकांनी ती पुसून टाकली. घरातलं म्हणून काय सगळ्यांना सोडायचं? पास नावानं निघतो. वायफायवर प्रत्येक यंत्राला राउटर एक नंबर देतो. काकांनी फक्त काकूंच्या टॅबच्या नंबराला परवानगी दिली, बाकी सगळं बंद.

"काका, हा नंबर कायमचा नसतो," मी म्हटलं. "राउटर बंद पडून परत सुरू झाला की बदलू शकतो. विपुलला सांगून आधी पक्का करून घ्या."

"काहून बदलते? घरात नवीन कोण येऊन राहिलं?"

यावरून आमची चांगलीच जुंपली. मागच्या खोलीतून काकू ऐकत होत्या. काकांनी एकाएकी हात वर करून मला थांबवलं, हेडफोन कानावर दाबला आणि हसले. "ती म्हणून राहिली, मले पास भेटला ना, मंग झालं." मीही हसले आणि घरी आले. त्या नवराबायकोपुढं मी कायमच हात टेकत आले आहे.

पावसाळा सरता सरता काकूंना घास गिळणं जड जायला लागलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती आहे, पोटात थेट नळी बसवून घ्या, छोटं ऑपरेशन आहे. पण ते श्वासात जोर आहे तोवरच, येत्या पंधरा दिवसांतच करता येईल. नंतर भूल द्यायची हिंमत कुणी करणार नाही.

काकूंनी नाही म्हटलं. "नळीनं भरायला मी काय टाकी आहे? जिभेला चव नाही तर जगून काय करू?" हे त्या कम्प्युटरच्या आवाजात काकांच्या कानात वाजलं. ते मला सांगताना काकांचा चेहरा बघवत नव्हता. काकांनी समजावलं, विनवलं, विपुलला फोनवर बसवलं. काकू हलल्या नाहीत. आणि एका सकाळी काकांचा तोल गेला. कान नसलेला माणूस रागावला की ओरडतोच. मला माझ्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू आलं.

"मंग मर उपाशी! आता मी याच्यावर एक शब्द बोलत नाही. टाकायची असंल नळी तं तूच सांगशील. तुह्या तोंडून आल्याबिगर मी डॉक्टरकडे जात नाही!"

तोंडून! काय बोलून बसलो हे त्यांनाही कळलं असणार. पण भोयरच ते, शब्द मागं घेतील कसले? अबोला सुरू झाला.

आता त्यातून बाहेर कसं पडायचं? काकू चहा करू शकत नव्हत्या. काकांनी जलेबी आणली असती तर ती काकूंना गिळता येत नव्हती. आणणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. दोघांच्याही जुन्या वाटा आजारानं बंद करून टाकल्या होत्या. उरला होता तो टॅब. काकूंनी 'हो' लिहायचं होतं आणि काकांनी ते ऐकायचं होतं. दिवस थोडे होते, हे दोघांनाही माहीत होतं.

मी त्याच दुपारी परीक्षेच्या कामावर पाटनला गेले आणि परीक्षा संपेपर्यंत तिथंच राहिले. पुढचं सगळं मला बऱ्याच नंतर काकांकडून कळलं.

मी निघाल्यावर लगेच गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. तासन्‌तास लाइट नव्हती, टॅबची बॅटरीही संपली. संध्याकाळी लाइट आली, काकांनी टॅब चार्जिंगला लावला, काकूंच्या हाताशी आणून ठेवला आणि न बोलता पुढच्या खोलीत जाऊन बसले, कानांवर हेडफोन चढवून. काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काका फॅक्टरीच्या भोंग्यासारखे वेळेवर सगळं करत होते. कूस बदलणं, अंग पुसणं, चमच्या चमच्यानं पातळ पेज, पाणी. पण तोंडातून शब्द नाही, आणि कानात शब्द नाही. काय जिद्दीची बाई आहे, त्यांना वाटायचं. साधं पाणी मागत नाही. आणि वेळेवर पाणी पाजत असल्यामुळे, ती मागत का नाही हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

एकदा पेज भरवून झाल्यावर काकूंनी त्यांचं मनगट धरलं. मग बोट टॅबवर ठेवलं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा टॅबकडे. काकांनी वाकून पाहिलं. पाटी कोरी होती. त्यांना वाटलं, बॅटरीचं म्हणून राहिली. त्यांनी टॅब उचलला, चार्जिंगला लावला आणि निघून आले. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं, ते म्हणाले. पण तिच्या डोळ्यांतून आजकाल पाणी येतच असायचं.

मी हे ऐकत असताना मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. विचारायचं ना, माणसा! काय पाहिजे तुला, एवढं तरी तोंड उघडून विचारायचं! पण अबोला धरलेल्याला प्रश्न विचारता येत नाही, प्रश्न विचारणारा हरतो. हा कायदा त्या घरात त्या दोघांनीच केला होता आणि इतकी वर्षं दोघांनीही पाळला होता.

डॉक्टरांनी दिलेली मुदत गेली. मग एका सकाळी पेजेचा घोट श्वासनलिकेत गेला. खोकायलाही जोर नव्हता. ताप चढला, न्यूमोनिया झाला, दवाखान्यात नाकातोंडावर मास्क लावून काकू पडून राहिल्या. विपुल आला, राहिला, गेला. काकू वाचल्या. घरी आल्या तेव्हा नाकातून पोटात बारीक नळी घातलेली होती, ती तात्पुरती, वरचेवर बदलावी लागणारी. पोटातल्या नळीचा विषय डॉक्टरांनी स्वतःच बंद केला. आता भूल झेपणार नाही म्हणाले. आणि उजव्या हाताची बोटंही गेली होती. डोळे राहिले. वर बघितलं म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही. हे दवाखान्यातल्या नर्सनं शिकवलं.

मी पाटनहून आले ती थेट त्यांच्याकडे गेले. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी काय बडबडले मला आठवत नाही. घरी येऊन मी नळ सोडून रडले.

विपुलनं डोळ्यांनी लिहिता येईल असा एक कॅमेरा मागवला होता. तो येईपर्यंत बाकीचं चालतंय का बघून ठेवा, असं त्यानं फोनवर सांगितलं. म्हणून काकांनी टॅब हातात घेतला, जाड बोटानं 'पुष्पा' असं लिहिलं आणि हिरवं बटण दाबलं. पाटी कोरी झाली. हेडफोनमध्ये काही आलं नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा पाटी कोरी. हेडफोन झटकले, चार्ज केले, कम्प्युटर बंद करून सुरू केला. सगळी दुपार त्यात घालवून संध्याकाळच्या आधी ते माझ्या दारात आले, हेडफोन गळ्यात.

"माधवी, हे बोलून नाही राहिलं."

मी कम्प्युटरसमोर बसले. आधी कम्प्युटरलाच एक वाक्य वाचायला लावलं. हेडफोनमध्ये ते आलं, काकांनी मान हलवली. म्हणजे आवाज ठीक. विपुलचा प्रोग्राम सुरू होता आणि वाट बघत होता, तेही ठीक. टॅबवर इंटरनेट चालत होतं. कम्प्युटरवरून टॅबला हाक मारून पाहिली, टॅबनं ओ दिली. म्हणजे रस्ताही मोकळा. उरली एकच गोष्ट.

"काका, फायरवॉल जरा बंद करते."

फॅक्टरीचं गेट सताड उघडायला सांगावं तसे ते माझ्याकडे बघायला लागले. मी बंद केली, टॅबवर 'पुष्पा' लिहून बटण दाबलं. काका दचकले. "आला! आला आवाज!" मी फायरवॉल पुन्हा सुरू केली, पुन्हा पाठवलं. काही नाही. बंद केली, आला. सुरू केली, गेला. काका लहान मुलासारखे खूश झाले होते, बिघाड सापडला म्हणून. मी मात्र नियमांची यादी उघडली होती. पास ज्या नंबराच्या नावावर होता, तो टॅबचा नंबर नव्हताच.

"मंग तो कोणाचा आहे?" काकांनी विचारलं.

राउटरच्या पानावर घरातली सगळी यंत्रं दिसतात. तिथं पाहिलं. तो नंबर काकांच्या मोबाइलला मिळाला होता. काकांनी खिशातून मोबाइल काढला आणि हातात धरून बघत राहिले.

"घरची लाइट कधी गेली होती?" मी विचारलं.

"गेली होती ना. ट्रान्सफॉर्मर जळालं होतं, तू पाटनले गेली त्याच दिवशी. टॅब तं बंदच पडला होता." आणि ते थांबले. मला काही सांगावं लागलं नाही. राउटर सुरू झाला तेव्हा टॅब बंद होता. खिशातला मोबाइल आधी जाऊन टॅबचा नंबर घेऊन बसला, आणि मागून आलेल्या टॅबला दुसरा मिळाला. काकूंचा पास काकांच्या खिशात होता, आणि काकू बिनपासाच्या.

"म्हणजे तवापासून..." ते म्हणाले. मग म्हणाले, "गेटवर जो वापस जाते, त्याचीबी नोंद राहते. इथं राहते का?"

राहत नाही, असं मी म्हणू शकले असते. तोंडावर आलंही होतं. पण त्या माणसाचा जन्म गेटवर गेला होता, त्याला कसं फसवणार? मी नोंद उघडून दिली. ओळीमागून ओळ, प्रत्येक ओळीत टॅबचा तोच नवा नंबर आणि 'ब्लॉक' हा शब्द. आजच्या आमच्या ओळी सोडल्या तर बाकीच्या लाइट आली त्या संध्याकाळपासून सुरू झालेल्या, थेट घोट अडकला त्या सकाळपर्यंत. काका एकेक ओळ खाली सरकवत गेले. पेज भरवल्यानंतरच्या ओळी. पहाटेच्या ओळी. एका दुपारी नुसती झुंबड.

"इथं इतक्या काहून?"

"उत्तर आलं नाही की टॅब स्वतःच पुन्हा पुन्हा ठोठावतो. आणि काकूंनीही पुन्हा पुन्हा पाठवलं असेल."

"काय लिहिलं होतं ते कुठी आहे?"

"कुठंच नाही, काका. ते आत आलंच नाही. कुणीतरी दाराशी आलं होतं एवढंच इथं कळतं. टॅबवरही राहिलं नाही, पाठवलं की पाटी पुसली जाते."

त्यांनी विपुलला फोन लावला, स्पीकरवर. विपुलनं ऐकून घेतलं आणि ओरडला, "बाबा, काहून हात लावला तुम्ही? मैंने सब सेट करके दिया था ना?" माझं डोकंच फिरलं. मी फोन ओढून घेतला. "आणि निरोप पोचला का नाही हे न बघता पाटी पुसणारं ॲप कुणी बनवलं, विपुल? बाबांनी का?" मग तो रडतोय हे माझ्या लक्षात आलं, आणि मी फोन ठेवून दिला. काय उपयोग होता?

काका अजून त्या खिडकीकडेच बघत होते, डिनायवर बोट ठेवलं होतं तिथं.

"इथं रिजेक्ट असतं तं?"

मी टॅब उचलून बाजूला ठेवला.

"सांग ना. असतं तं?"

"तर नकार टॅबपर्यंत पोचला असता आणि तिथं लगेच लाल अक्षरात आलं असतं. आत घेतलं नाही म्हणून. काकूंना कळलं असतं."

"म्हणजे नाही म्हटलं असतं, तरी चाललं असतं," काका म्हणाले.

मी टॅबचा नंबर पक्का केला, घरातल्या सगळ्यांना मोकळीक दिली, पुन्हा एकदा 'पुष्पा' पाठवून पाहिलं. आता फायरवॉल सुरू असतानाही आवाज येत होता. काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि ते मागच्या खोलीत गेले. मी दाराशी उभी राहिले. जावं की थांबावं मला कळत नव्हतं.

ते खाटेच्या कडेला बसले. अबोला मोडायची त्यांची काही पद्धत उरली नव्हती, म्हणून ते सरळ बोलायला लागले.

"पुष्पा, लाइट गेल्यावर तू मले आवाज देऊन राहिली होती?"

काकूंनी वर पाहिलं. हो.

"पाणी मागितलं?"

हो.

"शिव्या दिल्या?"

हो. काकांच्या तोंडावर हसू यायला लागलं आणि अर्ध्यातच मोडलं. त्यांनी काकूंचा हात हातात घेतला. त्या हातात आता काही उरलं नव्हतं.

"नळी... नळी टाका म्हटलं होतं?"

काकूंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वर पाहिलं. हो.

काकांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकू नये. पण ते उठले नाहीत. त्यांना अजून एक विचारायचं होतं.

"तुले वाटलं, मी ऐकून चूप बसलो?"

हो. या वेळी काकूंना जराही वेळ लागला नाही.

मग काकांनी सांगायला सुरुवात केली. साहेबांपुढं उभं राहून गेटवर काय घडलं ते सांगावं, तसं क्रमानं. लाइट गेली. राउटर बंद पडला. तुझा टॅब बंद होता. माझा मोबाइल आधी गेला, त्यानं तुझा नंबर घेतला. तुझा पास माझ्याकडे आला, पुष्पा, आणि मला माहीत नव्हतं. तू लिहून राहिली होती आणि फायरवॉल तुला बाहेरच ठेवून राहिली होती. मी कानांवर हेडफोन लावून बसलोच होतो, तुझ्या एका शब्दासाठी. मला ऐकूच आलं नाही.

सगळं खरं होतं. शब्द न शब्द खरा. आणि दाराशी उभं राहून ऐकताना मला जाणवत होतं की हे किती खोटं वाटतंय. ज्या माणसानं आयुष्यभर राग आला की तोंड शिवून घेतलं, तो आता म्हणतोय की या वेळी मी नव्हतो गप्प, यंत्र गप्प होतं. कोण बायको विश्वास ठेवेल? मला ओरडून सांगावंसं वाटलं, काकू, खरं आहे हो, मी स्वतः पाहिलंय! आणि मी सांगितलंही, दारातूनच. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. ही गोष्ट माझ्या सांगण्याची नव्हतीच.

"मी ऐकलं नव्हतं, पुष्पा," काका म्हणाले. "पटलं का तुले?"

काकूंनी डोळे मिटले.

मिटणं म्हणजे नाही. दमलेलं माणूसही डोळे मिटतं, हे मला माहीत आहे, काकांनाही माहीत असणार. ते वाट बघत बसले. डोळे उघडले नाहीत. बाहेर अंधारायला लागलं होतं आणि काकूंची कूस बदलायची वेळ झाली होती. काकांनी एक हात त्यांच्या मानेखाली घातला, एक कमरेखाली, नाकातल्या नळीला धक्का लागू न देता हळूच त्यांना भिंतीकडे वळवलं आणि पाठीशी उशी लावली.

"बरं," ते म्हणाले. "उद्या अजून विचारतो."